पानं सुरकुतली म्हणजे तहानच लागली का?

प्रश्न : माझ्या खिडकीत इचेव्हेरियाची, म्हणजे जाड रसाळ पानांच्या छोट्या झाडाची, कुंडी आहे. दर रविवारी न चुकता अर्धा कप पाणी घालते. पानं सुरकुतायला लागली म्हणून महिनाभर आठवड्यातून दोनदा घातलं. आता खालची पानं पिवळट, काचेसारखी झाली आहेत आणि हात लागताच गळतात. पाणी आणखी वाढवू का?
– एक वाचक

उत्तर : नको. आज एक थेंबही नको. आधी झाड कुंडीतून अलगद काढा आणि मुळं बघा. पांढरट, टणक असतील तर चिंता नाही. पण तुम्ही सांगताय त्यावरून ती तपकिरी आणि लिबलिबीत निघतील असं वाटतं. सतत ओल्या मातीत हवा उरत नाही, मुळं गुदमरून कुजतात, आणि कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणून ओल्या मातीत बसूनही पानं सुरकुततात. आपण ती तहान समजतो.

माझं जेड, तेही जाड पानांचंच झाड, असंच जायच्या बेतात होतं. तळाला भोक नसलेली कुंडी, आणि वर माझी माया! उचलायला गेले तर खोड बिनमुळांचं हातात आलं. धारदार ब्लेडने कापलं, आत तपकिरी ठिपका दिसला, पुन्हा कापलं. काप आरपार स्वच्छ हिरवट दिसेपर्यंत थांबले नाही. तुम्हीही थांबू नका, एक ठिपका राहिला तरी कूज वर चढते. मग सावलीत चार दिवस तसंच ठेवा. काप सुकून कडक झाला की जवळजवळ कोरड्या मातीत खोचा. मुळं धरेपर्यंत पाणी नाही. हे दिवस फार जड जातात, पण हात आवरा.

माती निम्मी, बाकी जाड वाळू किंवा परलाइट (मातीत मिसळायचे पांढरे, हलके, सच्छिद्र दाणे). कुंडीला भोक हवंच.

यापुढे रविवार विसरा. लाकडी काडी तळापर्यंत खुपसा. तिला ओलसर माती चिकटली तर थांबा. कोरडी निघाली की भोकातून वाहेपर्यंत भरपूर पाणी घाला आणि ताटलीतलं ओतून द्या. अर्ध्या कपाने नुसता वरचा थर भिजतो. पाणी मातीवरच घाला, पानांच्या बेचक्यात साचू देऊ नका. थंडीत आणि कमी उजेडात माती हळू सुकते, तेव्हा दोन पाण्यांमध्ये महिनाही जाऊ शकतो. खरी तहान असेल तर माती कोरडी, कुंडी हलकी आणि पानं मऊ पण अपारदर्शक असतात. भरपूर पाणी मिळालं की काही दिवसांत ती पुन्हा टरारतात.

गळलेल्यांपैकी एखादं पान घट्ट, निरोगी असेल तर टाकू नका. कोरड्या मातीवर नुसतं ठेवा, देठाकडून बारीक गुलाबी मुळं फुटतील.