वाचकांचे प्रश्न: फुकेटहून फी फी, एका दिवसात

थायलंडच्या फी फी बेटांच्या सहलीबद्दल या महिन्यात बरीच पत्रं आली, त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. ही बेटं क्राबी प्रांतात, फुकेटच्या आग्नेयेला साधारण ४५ किलोमीटरवर आहेत. मोठ्या फी फी डॉनवर वस्ती आणि हॉटेलं आहेत. लहान फी फी लेवर वस्ती नाही आणि प्रसिद्ध माया बे तिथेच आहे.

प्रश्न (पुणे): जानेवारीत आम्ही चौघे जाणार आहोत. एक एजंट ‘एका दिवसात सात बेटं’ देतो. दुसरा चारच ठिकाणं दाखवतो आणि पैसे जास्त घेतो. कोणाकडून घ्यावी?

चार ठिकाणांची घ्या. हिशोब असा. बोट सकाळी नऊला सुटते आणि चारपर्यंत परत येते, म्हणजे हातात सात तास. जाण्यायेण्यात दोन तास आणि जेवणाला एक तास धरला, तर उरतात चार. प्रत्येक थांब्यावर बोट लावणं, सगळ्यांना उतरवणं, पुन्हा माणसं मोजून चढवणं यात दहा-पंधरा मिनिटं जातात. असे सात थांबे म्हटले की प्रत्यक्ष बेटावर वीसेक मिनिटं मिळतात. शिवाय यादीतली काही नावं नुसती ओझरती असतात. व्हायकिंग केव्हमध्ये पाकोळ्यांची घरटी काढण्याचं काम चालतं, पर्यटकांना आत सोडत नाहीत, ती गुहा बोटीतूनच पाहायची. मंकी बीचही बहुतेक बोटी लांबूनच दाखवतात.

पैसे भरण्याआधी एजंटला विचारा: पाय नेमका कुठे-कुठे टेकणार? प्रत्येक ठिकाणी किती मिनिटं? बोटीत माणसं किती? राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क धरलंय का? परदेशी प्रौढाला हे शुल्क ४०० बाथ आणि मुलाला २०० बाथ आहे. स्वस्त दिसणाऱ्या सहलीत ते बहुतेक वेळा धरलेलं नसतं आणि सकाळी धक्क्यावर रोख मागतात. तुम्हा चौघांचे १६०० बाथ होतील, तेवढे मिळवून मगच दोन्ही दरांची तुलना करा. पावतीवर सहल कंपनीचा थाई पर्यटन परवाना क्रमांक असला पाहिजे. परवाना असलेल्या कंपनीला प्रवाशांचा अपघात विमा बंधनकारक आहे. गाइडचं काम तिथे फक्त थाई नागरिकांना करता येतं आणि त्याच्याकडे ओळखपत्र असतं. तेव्हा ‘आपला मराठी गाइड बोटीवर येईल’ असं कोणी सांगत असेल, तर तो फार तर सोबतीला येणारा टूर मॅनेजर असेल.

क्रम कसा असावा? पहिल्यांदा माया बे, मग पिले लगून, त्यानंतर स्नॉर्केलिंग (मास्क आणि नळी लावून पाण्यावर तरंगत खालचे मासे-प्रवाळ पाहणं), जेवण आणि शेवटी बांबू बेटावर निवांत तास-दीड तास. पहाटे सहा-साडेसहाला सुटणाऱ्या बोटीही असतात. त्यांनी गेलात तर माया बेवर गर्दी खूप कमी लागते. मात्र ही खाडी पश्चिमेकडे उघडते आणि बाकीच्या बाजूंना उंच कडे आहेत, त्यामुळे पहाटे ती सावलीत असते. फोटोतला तो हिरवानिळा रंग पाण्याला ऊन वर आल्यावरच चढतो. आमच्या मते शांतता मोलाची, पण नुसत्या फोटोसाठी जाणार असाल तर नऊची बोट बरी.

प्रश्न (रत्नागिरी): भरती-ओहोटी पाहून सहलीची तारीख ठरवावी का?

जरूर ठरवा. एजंट हे कधी सांगत नाहीत, पण दिवस कसा जाणार ते बरंचसं यावरच ठरतं.

अंदमान समुद्रातही आपल्यासारखीच दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी असते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला फुकेटकडे पाण्याच्या पातळीत अडीच-तीन मीटरचा फरक पडतो. पिले लगून म्हणजे तिन्ही बाजूंनी कडे असलेलं अरुंद पाणी आणि त्याचं तोंड उथळ आहे. उधाणाच्या ओहोटीला तिथे बोट तळाला लागते, मग चालक बाहेरूनच वळवतो आणि लोकांना वाटतं, गाइडने टाळलं. फी फी डॉनच्या उत्तरेकडची लो दालुम खाडीही ओहोटीला लांबवर उघडी पडते.

स्नॉर्केलिंगला अष्टमीच्या आसपासचा भांग (उधाणाच्या उलट, पाण्याचा चढ-उतार कमी असलेले दिवस) उत्तम. पाण्याची ओढ कमी असते, तळ ढवळला जात नाही आणि लांबपर्यंत स्वच्छ दिसतं. उधाणाच्या ओहोटीला प्रवाळ पृष्ठभागाच्या इतकं जवळ येतं की नवख्याचे गुडघे आणि पोट खरचटतं, आणि प्रवाळाची जखम लवकर भरत नाही.

तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हा आपला हिशोब मुंबई-कोकण किनाऱ्याचा आहे, तो तिथे लावू नका. फुकेटचं त्या तारखेचं भरतीचं वेळापत्रक पाहा. ते थाई वेळेत असतं, म्हणजे आपल्यापेक्षा दीड तास पुढे. पिलेला पोचण्याच्या वेळी पाणी भरतीच्या बाजूला असेल असा दिवस निवडा.

प्रश्न (नागपूर): आईचं वय ६८, एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. स्पीडबोट झेपेल का?

झेपणार नाही असं गृहीत धरूनच आखणी करा. स्पीडबोट लाटेवरून उडते आणि पाण्यावर आपटते. तो धक्का थेट कण्याला बसतो. नाकाकडच्या जागांवर सगळ्यात जास्त, मागे इंजिनाजवळ कमी. कमरेचा त्रास असलेल्यांना आणि गरोदर बायकांना बहुतेक कंपन्या स्पीडबोटीवर घेतच नाहीत, आणि ते योग्यच आहे. गुडघ्याचा प्रश्न उतरताना येतो. बांबू बेटावर धक्का नाही. बोटीच्या मागच्या लोखंडी शिडीवरून, तोंड बोटीकडे ठेवून, मांडीभर पाण्यात उतरायचं. शिडी लाटेबरोबर वरखाली होत असते आणि शेवटच्या पायरीखाली वाळू नेमकी किती खोल, ते दिसत नाही.

त्यापेक्षा मोठी फेरीबोट घ्या. फुकेटच्या रासादा धक्क्यावरून सुटते, दोनेक तास लागतात, पण बसायला नीट खुर्च्या, सावली आणि स्वच्छतागृह असतं, आणि फी फी डॉनला तोन साय धक्क्यावर सरळ पायी उतरता येतं. मोठी फेरी माया बेला लागत नाही, समोरून संथ नेऊन खाडी दाखवते. आईंना जेवणानंतर तोन सायच्या सावलीत बसवून तुम्ही लांब दांड्याच्या इंजिनाची लाकडी ‘लाँगटेल’ होडी ठरवून फी फी लेला जाऊन येऊ शकता. परतीची फेरी किती वाजता सुटते ते होडीवाल्याला आधी सांगा आणि हाताशी निदान तासभर जास्तीचा ठेवा.

प्रश्न (सांगली): बोट लागते. काय करावं?

प्रोमेथाझिनची गोळी (आपल्याकडे अ‍ॅव्होमाइन) बोटीत बसण्याआधी तास-दोन तास घ्यावी लागते. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. झोप येते, म्हणून तिच्यावर मद्य नको. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल, किंवा मुलांना द्यायची असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. उपाशी राहू नका. सकाळी कोरडं, कमी तेलाचं थोडं खा. बोटीत मागच्या बाजूला, पण इंजिनाचा धूर नाकात जाणार नाही अशा कडेला बसा. नजर क्षितिजावर, मोबाइल बंद.

प्रश्न (ठाणे): माया बेमध्ये पोहू देत नाहीत म्हणे. मग तिथे जाण्यात काय अर्थ?

खूप अर्थ आहे. एका हॉलिवूड चित्रपटानंतर ही जेमतेम अडीचशे मीटरची खाडी इतकी गाजली की दिवसाला पाच हजारांच्या घरात माणसं येऊ लागली. बोटी थेट वाळूवर चढत, नांगर आणि पंखे प्रवाळ चिरडत. जून २०१८ मध्ये सरकारने खाडी बंद केली आणि शास्त्रज्ञांनी तिथे प्रवाळाची लागवड केली. काळ्या टोकांच्या पंखांचे रीफ शार्क तिथे परतले. फांद्यांचं प्रवाळ वर्षाला फार तर दहा सेंटीमीटर वाढतं, गोलसर दगडासारखं प्रवाळ एखादा सेंटीमीटरच. एका नांगराने मोडलेलं भरून यायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं.

१ जानेवारी २०२२ ला खाडी पुन्हा उघडली ती नव्या नियमांनी. बोटी मागच्या लो समाह बाजूला तरंगत्या धक्क्याला लागतात, तिथून लाकडी पायवाटेने पाचेक मिनिटं चालत किनारा. एका वेळी माणसांची संख्या मर्यादित, थांबायला जास्तीत जास्त तास. पाण्यात गुडघ्यापर्यंतच जायचं, पुढे गेलात की रक्षक शिट्टी वाजवतो. उथळ पाण्यात स्थिर उभं राहिलात, तर हातभर लांबीची शार्कची पिल्लं काठाने जाताना दिसण्याची शक्यता असते. ती माणसाच्या वाटेला जात नाहीत. दरवर्षी १ ऑगस्ट ते ३० सप्टेंबर खाडी विश्रांतीसाठी बंद असते. त्या काळात ‘माया बे’च्या नावाने सहल विकली, तर ती लांबूनच दाखवणार आहेत.

सनस्क्रीनचंही पाहा. थायलंडच्या राष्ट्रीय उद्यानांत ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनॉक्सेट, ४-मिथिलबेन्झिलिडीन कॅम्फर आणि ब्युटिलपॅराबेन असलेलं सनस्क्रीन २०२१ पासून बंद आहे. दंड एक लाख बाथपर्यंत. नुसतं ‘रीफ सेफ’ लिहिलेलं पुरेसं नाही, मागचे घटक वाचा. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचं चालतं. सगळ्यात बरं म्हणजे लांब बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट. स्नॉर्केलिंगमध्ये मान, पाठ आणि गुडघ्यामागचा भाग भाजतो, आणि तिथे आपण क्रीम लावायला विसरतो.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): मला पोहता येत नाही, बायको सलवार-कमीज घालून उतरणार म्हणते. स्नॉर्केलिंग जमेल?

लाइफ जॅकेट घालून, दोराला किंवा रिंगला धरून जमेल. कपड्यांबद्दल मात्र आग्रहाने सांगतो: ओढणी आणि सैल सुती कपडे नकोत. सुती कापड पाणी शोषून जड होतं, ओढणी शिडीत किंवा पायात अडकते. अंग झाकायचं तर पोहण्याचा टी-शर्ट आणि घट्ट नायलॉन लेगिंग्ज उत्तम. मंगळसूत्र आणि अंगठ्या हॉटेलच्या तिजोरीत ठेवा. पाण्यात बोटं आकसतात आणि अंगठी कधी निसटली ते कळत नाही.

मास्क बोटीवर देतात तो जसाच्या तसा घालू नका. पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवा, नाकाने श्वास आत ओढा, हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर तो तुमच्या मापाचा. पडला तर दुसरा मागा. पाणी आत येतं त्याची कारणं तीन: कडेखाली आलेले केस, जाड मिशी आणि वाजवीपेक्षा घट्ट ओढलेला पट्टा. पट्टा जास्त ताणला की रबराची कड वाकते आणि उलट तिथूनच गळते. मिशीवर थोडं व्हॅसलीन लावलं की फट बुजते. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून बेबी शॅम्पूचा थेंब चोळून हलकेच धुवा. चश्मा आतमध्ये बसत नाही. नंबर जास्त असेल तर नंबरचा मास्क आहे का, ते आदल्या दिवशीच कंपनीला विचारा.

उतरण्याआधी बोटीवरच दोन मिनिटं नळीतून तोंडाने सावकाश श्वास घेऊन पाहा. बहुतेक माणसं घाबरून भराभर अर्धे श्वास घेतात, त्यामुळे नळीतली तीच वापरलेली हवा फिरत राहते आणि गुदमरल्यासारखं होतं. श्वास पूर्ण सोडणं महत्त्वाचं. जेवणानंतर लगेच उतरू नका. प्रवाळावर उभं राहू नका, आणि माशांना पाव टाकू नका. राष्ट्रीय उद्यानात त्याला बंदी आहे, आणि पाव दिसला की पट्टेरी मासे घोळक्याने येऊन बोटांना चावे काढतात.

प्रश्न (जळगाव): शुद्ध शाकाहारी आहोत, कांदा-लसूणही नाही. जेवणाचं काय?

फी फी डॉनवरच्या बुफेत भात, नूडल्स, भाज्या, फळं असतात, पण भाज्यांत फिश सॉस किंवा ऑयस्टर सॉस घालणं तिथे नेहमीचं. ‘नो मीट’ म्हटल्याने सॉस टळत नाही. ‘जे’ हा शब्द वापरा. चिनी वंशाच्या थाई लोकांची ही आहारपद्धत आहे, तिच्यात मांस, मासे, अंडी, दूध आणि कांदा-लसूणही चालत नाही. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत इंग्रजी आकड्यातल्या १७ सारखं दिसणारं चिन्ह म्हणजे ‘जे’. कंदमुळं मात्र त्यात चालतात, जैन वाचकांनी लक्षात ठेवावं. बुफेत ‘जे’ची खात्री नसते, म्हणून दशम्या आणि चटणी स्टीलच्या डब्यात न्या. एकदा वापरून फेकायचं प्लास्टिक उद्यानात चालत नाही.

प्रश्न (कोल्हापूर): जुलैत दर निम्मे दिसतात. जावं का?

जायला हरकत नाही, पण फी फीवर सगळी सहल टांगून ठेवू नका. मे ते ऑक्टोबर तिकडे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा काळ आणि फुकेटचा पश्चिम किनारा सरळ त्याच्या तोंडावर. जुलै २०१८ मध्ये फुकेटजवळ ‘फिनिक्स’ ही पर्यटक बोट वादळात बुडून ४७ जण गेले. हवामान खात्याचा इशारा असताना ती बोट निघाली होती. फी फीचा दिवस मुक्कामाच्या सुरुवातीला ठेवा, म्हणजे रद्द झाला तर पुढे हलवता येतो. परतीच्या विमानाच्या दिवशी तर मुळीच नको. ‘समुद्र खवळला तर पैसे परत की तारीख बदलून’ हे पावतीवर लिहून घ्या.

प्रश्न (नवी मुंबई): माकड चावलं तर?

जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, मग अँटिसेप्टिक लावा. पट्टी घट्ट बांधू नका. गाइडला लगेच सांगा आणि त्याच दिवशी दवाखान्यात रेबीजची लस सुरू करा, ओरखडा बारीक असला तरी. पहिली मात्रा तिथे घेतली तर तिचा कागद जपून आणा, पुढच्या मात्रा इथे त्याच तारखांप्रमाणे घेता येतात. आणि खाण्याची पिशवी किंवा पाण्याची बाटली हातात घेऊन माकडांजवळ जाऊ नका, त्यांचा डोळा हातातल्या वस्तूवरच असतो.