मुलीने विचारलेल्या प्रश्नाचं काय?

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे. दहावीला ९६ टक्के. आमचा सोनं-चांदीच्या गलाईचा व्यवसाय कोइमतूरला, कुटुंब विट्याला. मागच्या वर्षी माझ्या वडिलांची, आबांची मिरजेत अँजिओप्लास्टी झाली, तेव्हाच मुलीला कार्डिओलॉजिस्ट करायचं ठरवलं. त्यातही हार्ट इमेजिंग, म्हणजे हृदयाची चित्रं काढून तपासणं, कारण रात्रीच्या इमर्जन्सी नसतात, मुलीच्या जातीला बरं. मेडिकल कॉलेजात प्रोफेसर आणि जोडीला स्वतःचं हॉस्पिटल. त्यासाठी सांगली-मिरज रस्त्याला जागाही घेऊन ठेवली आहे. नीटसाठी तिला गणित सोडायला लावलं, तेव्हापासून घरात फारशी बोलत नाही. चाचणीत फिजिक्सला ५० पैकी ४७, बायोलॉजीला ३१. नको ते प्रश्न विचारत बसते. आबांच्या इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या वेळी डॉक्टरांनाच म्हणाली, ‘इकोत हृदय दिसतं, मग अँजिओग्राफी कशाला?’ आम्हाला ओशाळल्यासारखं झालं. क्लाससाठी लातूर बरं की कोटा?
– एक पालक, विटा

उत्तर : लातूर की कोटा, ते मी सांगणार नाही. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त टोचली ती वेगळीच ओळ. ‘तेव्हापासून घरात फारशी बोलत नाही.’ ती तुम्ही जाता जाता लिहिलीत आणि लगेच गुणांकडे वळलात.

सोळा वर्षांची मुलगी भांडली, रुसली, दार आपटलं, तर मी पालकांना सांगतो की घर ठीक चाललंय. ती गप्प झाली की मात्र कान टवकारावेत. आणि अशा गप्प झालेल्या मुलीला तुम्ही हॉस्टेलवर पाठवायला निघालात! तिचं जेवण, झोप, मैत्रिणींशी बोलणं कमी झालंय का, ते आधी बघा. झालं असेल तर क्लास राहू द्या, समुपदेशकाकडे न्या. टेली-मानसची १४४१६ ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं. तुम्हीही बोला, फक्त तिने नाही.

पत्र दोनदा वाचलं. वडिलांची अँजिओप्लास्टी, तुमची जागा, तुमचा निर्णय, तुमचं ओशाळणं, सगळं त्यात आहे. मुलीला काय हवंय याबद्दल मात्र एक वाक्य नाही. गलाईच्या धंद्यातला माणूस कस लावल्याशिवाय भाव सांगत नाही. इथे तुम्ही भाव आधीच ठरवून टाकलात.

आता ‘इमेजिंग म्हणजे रात्र नाही, मुलीला बरं’ या समजाबद्दल. हा समज विट्यातच आहे असं नाही, पुण्या-मुंबईचे पालकही हेच बोलतात. आपल्याकडे इको बहुतेक करून कार्डिओलॉजिस्ट करतात आणि हृदयाचे सीटी-एमआरआय बऱ्याच ठिकाणी रेडिऑलॉजिस्ट वाचतात. म्हणजे कार्डिओलॉजीतून इमेजिंगकडे जायचं तर एमबीबीएस, एमडी मेडिसिन, डीएम कार्डिओलॉजी आणि मग फेलोशिप. इंटर्नशिप धरून साडेपाच, तीन आणि तीन अशी साडेअकरा वर्षं, तीही एकही वर्ष न गमावता. सरकारी बाँड आणि फेलोशिप वेगळी. एमडी आणि डीएमच्या सहा वर्षांत सीसीयूच्या, म्हणजे हृदयरुग्णांच्या अतिदक्षता विभागातल्या रात्री सगळ्यांना असतात, मुलगा-मुलगी बघून ड्यूटी लावत नाहीत. पुढेही सुटका नाही. महाधमनी फाटल्याचा संशय असलेला रुग्ण रात्री दोनला आला, तर अन्ननलिकेतून इकोचा प्रोब घालून बघायला इमेजिंगवाल्याला बोलावणं येऊ शकतं. छाती न उघडता झडप बसवताना किंवा दुरुस्त करताना तो शिशाचा एप्रन घालून कॅथलॅबमध्ये तासन् तास उभा असतो. एसी खोलीत बसून रिपोर्टवर सह्या करायचं काम तुमच्या डोळ्यांसमोर असेल, तर ते चित्र पुसून टाका. आणि रात्री काम करणं मुलींना झेपत नाही, हे मिरजेच्या सिव्हिलमधल्या कुठल्याही सिस्टरसमोर बोलून दाखवा.

प्रोफेसर आणि जोडीला हॉस्पिटल, हेही जुळत नाही. मेडिकल कॉलेजातल्या पूर्णवेळ माणसाचा दिवस शिकवणं, ओपीडी, विद्यार्थ्यांचे प्रबंध आणि संशोधन यात जातो. सरकारी नोकरीत व्यवसायरोध भत्ता घेणाऱ्याला खासगी प्रॅक्टिस करता येत नाही. जागेचं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण ती घेतली म्हणून मुलीने डॉक्टर व्हायचं, हा हिशेब उलटा आहे.

आणि आता तो ‘नको तो’ प्रश्न. अहो, पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट ती आहे!

इकोत हृदयाचा स्नायू, कप्पे, झडपा दिसतात. पण हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या जेमतेम तीन-चार मिलिमीटर जाडीच्या, प्रत्येक ठोक्याला हलणाऱ्या, त्यात वर फासळ्या आणि हवेने भरलेली फुप्फुसं. हाडातून आणि हवेतून अल्ट्रासाउंड नीट जात नाही. म्हणून धमन्यांत रंगद्रव्य सोडून एक्स-रेने बघतात, तीच अँजिओग्राफी. सीटीनेही धमन्या बघता येतात, पण धडधडणाऱ्या हृदयाचा फोटो हलतो. मग गोळी देऊन ठोके कमी करायचे, ईसीजीशी मेळ घालून हृदय क्षणभर शांत असतानाची माहिती उचलायची आणि त्यातून चित्र जुळवायचं. हे सगळं तिला सांगा. तुम्हाला सांगता येत नसेल तर हा परिच्छेद तिच्या हातात द्या.

तिच्या प्रश्नाच्या जवळपासचा प्रश्न स्कॉटलंडमध्ये डेव्हिड न्यूबी यांच्या चमूने घेतला. छातीत दुखतं म्हणून आलेल्या ४,१४६ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या तपासण्या, निम्म्यांना त्याशिवाय सीटी अँजिओग्राफी. पाच वर्षांनी, २०१८ साली निकाल आला. हृदयधमनीच्या विकाराने मृत्यू किंवा हार्ट अटॅक यांचं प्रमाण सीटीवाल्या गटात २.३ टक्के, दुसऱ्यात ३.९. सीटीने रोग आधी दिसला आणि औषधं योग्य माणसाला मिळाली. ॲकॅडमिक, म्हणजे शिकवणाऱ्या आणि संशोधन करणाऱ्या कार्डिओलॉजिस्टचं काम हे असतं : प्रश्न धरायचा आणि उत्तरासाठी वर्षानुवर्षं थांबायचं.

इकोचीच गोष्ट घ्या. १९५३ साली स्वीडनमध्ये लुंडला इंगे एडलर या डॉक्टरांना शस्त्रक्रियेआधी झडप कशी आहे ते कळायला हवं होतं. कार्ल हेल्मुथ हर्ट्‌झ हे भौतिकशास्त्रज्ञ. जहाजबांधणीत धातूतल्या भेगा शोधायला वापरतात तसलं ध्वनियंत्र दोघांनी मिळून हृदयाकडे वळवलं. पुढे सीटीचं नोबेल, १९७९ साली, एका इंजिनिअरला आणि एका भौतिकशास्त्रज्ञाला मिळालं. तुमच्या मुलीला हृदयाची ओढ आहे की चित्र तयार कसं होतं त्याची, मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही. पण ४७ आणि ३१ हे आकडे काहीतरी सांगतायत, आणि नीटच्या ७२० पैकी ३६० गुण बायोलॉजीचे असतात. नावडता विषय घोकून तिथे दोन वर्षं तग धरणं अवघड.

म्हणून पहिलं काम : गणित परत मिळवून द्या. अकरावी अजून चालू आहे, कॉलेजात जाऊन विषय बदलून मिळतो का ते विचारा, आणि तिलाही बरोबर न्या. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, गणित असे चारही विषय घेऊन नीट देता येते, सीईटीचे गणिताचा आणि बायोलॉजीचा असे दोन्ही गट देता येतात, आयसर या विज्ञानाच्या शिक्षण-संशोधन संस्थांची परीक्षा तर चारही विषयांची असते. बायोमेडिकल इंजिनिअरिंग आहे. फिजिक्समध्ये एमएस्सी करून भाभा अणुसंशोधन केंद्राचा रेडिऑलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा करणारे मेडिकल फिजिसिस्ट होतात. सगळं बघून तिने डॉक्टरच व्हायचं म्हटलं तर आनंदाने होऊ द्या, नीटला वयाची वरची मर्यादा नाही. फक्त ते तिने म्हणायला हवं. कॉलेजने गणिताला नकार दिला तर मला परत लिहा, पण त्या वेळी पत्र तिच्या अक्षरात असू द्या.