आधी खोकी खाली आण

ताई, नमस्कार. वय ४३. मनीषनगरात स्वतःचं घर आहे, नोकरी बरी आहे. शाळेत होतो तेव्हापासून अ‍ॅक्शन फिगर, म्हणजे हातपाय हलणारे खेळण्यातले छोटे पुतळे, जमवतो. सुरुवात फनस्कूल कंपनीच्या जी. आय. जो सैनिकांनी झाली, मग मार्व्हल, ट्रान्सफॉर्मर्स, जे परवडेल ते. पण आता या छंदात काही राम उरला नाही. सीताबर्डीच्या बाजारात ज्या दुकानांत फिगर मिळायच्या तिथे मोबाइलची कव्हरं लटकलेली असतात. मॉलमध्ये चांगला माल आला की कुणीतरी सगळाच उचलतो आणि दुप्पट भावाने ऑनलाइन टाकतो. बाहेरून मागवावं तर ड्युटी कंबरडं मोडते. आमच्या ग्रुपवर पूर्वी रात्री उशिरापर्यंत गप्पा चालायच्या, आता नुसतं ‘विकणे आहे’, आणि विकणाऱ्यालाही भाव येत नाही. मी कधी साठेबाजी केली नाही, कुणाला फसवलं नाही. मुलीच्या कॉलेजच्या वेळी हा संग्रह कामी येईल असं धरून चाललो होतो. बायको बिचारी कधी काही बोलली नाही. बहुतेक सगळं वरच्या टिनाच्या खोलीत खोक्यांत बंद आहे. मागच्या मे महिन्यात एक खोकं उघडलं तेव्हा दोन-चार फिगर हाताला चिकट लागल्या, तेवढं सोडलं तर सगळं उत्तम. आता विकून मोकळा होऊ, की बाजार सुधारेपर्यंत थांबू?
– वैतागलेला संग्राहक, नागपूर

भाऊ, बाजाराबद्दलचं तुझं बहुतेक गाऱ्हाणं खरं आहे, म्हणून त्यावर वाद घालत नाही. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७० टक्के. १ जानेवारी २०२१ पासून बीआयएस म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या शिक्क्याशिवाय खेळणं विकता येत नाही. मुलांच्या हातात काय पडतं ते तपासलं जावं, इथल्या कारखान्यांना काम मिळावं, हे हेतू चांगलेच आहेत. फटका मात्र तुझ्यासारख्याला बसला, एकच फिगर बाहेरून मागवणाऱ्याला. तिकडे अमेरिकेतही टॉईज आर अससारख्या खेळण्यांच्या दुकानांच्या साखळीने २०१८ मध्ये आपली दुकानं बंद केली. बर्डीवरच्या दुकानदाराने कव्हरं विकायला घेतली यात त्याचा काय दोष? त्यालाही घर चालवायचं आहे. साठेबाजी केली नाहीस हे चांगलं केलंस. त्याबद्दल शाबासकी देण्यात वेळ घालवत नाही, कारण माझा जीव दुसरीकडे अडकला आहे.

टिनाच्या खोलीत.

नागपूरचा माणूस असून तू हे वाक्य इतक्या सहज कसं लिहिलंस? मे महिन्यात आपल्याकडे बाहेर ४५-४६ अंश असतं. दुपारी तीनला त्या टिनाखाली काय होत असेल? तू स्वतः तिथे दहा मिनिटं बसणार नाहीस. तुम्ही सगळे खाली कुलरसमोर असता आणि ज्या वस्तूंवर मुलीच्या कॉलेजचा खर्च काढायचं ठरवलंस त्या वर भाजत असतात. किती उन्हाळे गेले असे? आणि ‘दोन-चार फिगर चिकट लागल्या, तेवढं सोडलं तर’ हे तू एका दमात लिहून पुढे गेलास. मे महिन्यात चिकट लागल्या, त्यानंतर पुन्हा खोकं उघडलंस का? उघडलं असतंस तर त्याबद्दल पत्रात चार ओळी तरी आल्या असत्या.

तो चिकटपणा वरून लागलेला नाही, आतून आलाय. मऊ प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं एक द्रव्य मिसळतात. वय आणि उष्णता, दोन्हींनी ते हळूहळू वर येतं. मग त्यावर धूळ बसते, रंग उतरू लागतो, आणि अशी फिगर कडक प्लॅस्टिकला टेकून राहिली तर तिथेही डाग पडतो, खड्डा पडतो. जी. आय. जोचं दुखणं वेगळं. १९८२ साली अमेरिकेत जे पावणेचार इंची सैनिक आले, त्यांची कंबर आणि पाय पोटातल्या एका छोट्या रबरी रिंगने धरलेले असतात. फनस्कूलचे सैनिकही तसेच. ती रिंग सुकली की तुटते आणि सैनिक हातात दोन तुकड्यांत येतो. जुन्या काही ट्रान्सफॉर्मर्समधलं सोनेरी प्लॅस्टिक तर साधं वळवलं तरी भुगा होतं. हे सगळं तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. इतकी वर्षं ग्रुपवर रात्र रात्र गप्पा मारणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसेल असं मी मानतच नाही. म्हणूनच मला राग येतोय.

तू भावावर नजर ठेवलीस, वस्तूवर ठेवली नाहीस. कोणती फिगर कितीला गेली हे तुला तोंडपाठ असेल, पण तुझ्याच फिगरच्या पोटातली रिंग शाबूत आहे का, हे सांगता येणार नाही.

आपल्याकडच्या तान्ह्या पोळ्याचा, पोरांच्या पोळ्याचा, लाकडी नंदी बघ. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ साली ही प्रथा सुरू केली असं सांगतात, आणि आजही महाल, इतवारी या भागांतल्या कितीतरी घरांतून आजोबांचा नंदी नातू ओढत नेतो. तो टिकला कारण वर्षातून एकदा तो माळ्यावरून खाली येतोच. पुसला जातो, शिंगांना बेगड लागते, चाक खिळखिळं झालं असेल तर पोळ्याच्या आधी कुणीतरी ठोकून देतं, आणि मग पोरगं तो घेऊन दारोदार बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, मागतं. वर्षभरात काय बिघडलं ते त्या दिवशी कळतं. तुझ्या सैनिकांच्या वाट्याला असा एक दिवसही आला नाही.

बायको काही बोलली नाही म्हणून तू तिला बिचारी म्हणतोस. बोलणार कशावर? संग्रह म्हणजे तिच्यासाठी जिन्यावरून दिसणारं एक कुलूप. मुलीच्या कॉलेजचंही तेच. तिची फी प्लॅस्टिकच्या भरवशावर सोडू नकोस. तिच्यासाठी दर महिन्याला पगारातून पैसे वेगळे काढ आणि तो विषय या खोक्यांपासून कायमचा तोड. ज्या दिवशी या फिगर जमवल्यास त्या दिवशी त्या कुणाच्या फीसाठी नव्हत्या.

तर विकायचं की थांबायचं, याचं उत्तर मी देत नाही. काय शिल्लक आहे हेच तुला माहीत नाही, मग विकणार काय आणि थांबणार कशासाठी?

येत्या रविवारी सगळी खोकी खाली आण. सगळी, अर्धी नाही. बैठकीत चादर अंथर आणि एकेक फिगर बाहेर काढ. चिकट असेल ती कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून जुन्या मऊ ब्रशने धू. स्पिरिट किंवा थिनर लावू नकोस, रंग जाईल. सावलीत वाळव. वर्तमानपत्रात गुंडाळू नकोस, चिकट अंगावर शाई उतरते. पॉलिथिनही नको, ती मऊ प्लॅस्टिकला धरून बसते. कोरा पांढरा कागद किंवा धुतलेलं सुती कापड घे. जी. आय. जोची कंबर जोरात फिरवून बघू नकोस, आणि हातात बंदूक बसवताना अंगठा जप, तो आधी मोडतो. सीलबंद असतील त्या फोडू नकोस, पण उजेडात धरून आत काय झालंय ते बघ. पाकिटाच्या पुठ्ठ्याची, म्हणजे कार्डाची, कड उचकटली असेल, प्लॅस्टिक पिवळं पडलं असेल, तर तसंच लिहून ठेव. एक वही कर: नाव, वर्ष, काय चांगलं, काय बिघडलं. एका रविवारात होणार नाही, दोन-तीन लागतील. मुलगी आणि बायको आसपास असतीलच. त्यांना मुद्दाम बोलावू नकोस, येऊन बसल्या तर उठवूही नकोस.

त्यानंतर एकही खोकं वर जायचं नाही. खालच्या मजल्यावर आतल्या भिंतीला एक कपाट कर, ऊन न येणाऱ्या खोलीत, कुलरच्या ओल्या झोतापासून दूर. त्या ओलीने कार्डं वाकतात. जागा नाही असं म्हणू नकोस. स्वतःचं घर आहे असं पत्राच्या सुरुवातीलाच लिहिलंयस.

वही पूर्ण झाली की मग मला पुन्हा लिही, तेव्हा विकण्याबद्दल बोलू. फनस्कूलने काही सैनिक अमेरिकेत कधी निघाले नाहीत अशा रंगांत काढले होते, आणि बाहेरचे संग्राहक ते आजही शोधतात, त्यामुळे घाईने कुणाला ‘सगळं मिळून किती देता’ म्हणून विचारू नकोस. आणि एखादी द्यायची ठरलीच, तर नवी रिंग घातली असेल, चिकटपणा धुतला असेल, ते घेणाऱ्याला आधी सांग आणि फोटोत जवळून दाखव.