पॉलिसी परत करायला तुमच्याकडे 18 दिवस आहेत

प्रश्न: मी नौदलात पेटी ऑफिसर, रायटर (कारकुनी) शाखेत. वय 34. 15 वर्षं पूर्ण करून चार महिन्यांनी कोल्हापूरला येतोय. पेन्शन साधारण 22,000, डीआर (महागाई भत्त्यासारखी वाढ) वेगळा. निम्मी विकली, म्हणजे पुढची पेन्शन कापून घेऊन आत्ता एकरकमी घेतली, तर 12 लाख मिळतात. त्यातून उजळाईवाडीला गुंठेवारीचा प्लॉट घ्यावा की एफडी करावी? वर्षाला दीड लाख हप्त्याची गॅरंटीड पॉलिसी घेतली आहे (हप्ते 10 वर्षं, विसाव्या वर्षी 30 लाख), कागद 12 दिवसांपूर्वी हातात आले. पुढचे हप्ते बँकेत क्लार्क म्हणून लागल्यावर पगारातून भरेन. माजी सैनिकांचा कोटा आहे, त्यामुळे नोकरीची चिंता नाही.

उत्तर: प्लॉटचं नंतर बघू. घाई आहे ती पॉलिसीची, आणि तिच्याबद्दल तुम्ही विचारलेलंच नाही.

10 वर्षं दीड-दीड लाख, म्हणजे 15 लाख भरायचे आणि विसाव्या वर्षी 30 लाख घ्यायचे. एजंटने ‘डबल’ म्हणून गळ्यात मारलं असणार. परतावा निघतो साडेचार टक्के. पोस्टातला पीपीएफ 7.1 देतो. पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवस फ्री लूक, म्हणजे ती परत करायची मुदत, असतो. कंपनीच्या शाखेत लेखी अर्ज, मूळ पॉलिसी आणि रद्द केलेला चेक द्या, पोच शिक्क्यासह घ्या, ईमेलही करा. स्टॅम्प ड्युटी, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि झालेल्या दिवसांचा विमाखर्च कापून बाकी पैसे परत येतात. एजंटकडे अर्ज देऊ नका. तो महिना उलटेपर्यंत ‘बघतो’ म्हणेल. कुटुंबासाठी 50 लाखांचा साधा टर्म विमा घ्या.

आता घरखर्च. डीआर धरून हाती सुमारे 34,000. निम्मी पेन्शन विकली की 23,000 (डीआर मूळ पेन्शनवरच मिळतो, म्हणून निम्मे होत नाहीत). त्यातून पॉलिसीचे महिन्याला 12,500 गेले की उरले साडेदहा हजार. इतरांच्या पेन्शनची कागदपत्रं करणाऱ्या माणसाने हा हिशेब मांडलाच नाही, याचं नवल वाटतं.

पेन्शन विकणं म्हणजे एक प्रकारे कर्जच. आज 12 लाख, आणि 15 वर्षं महिना 11,000 प्रमाणे जवळपास 20 लाख कापले जाणार. व्याज सव्वासात टक्क्यांच्या आसपास पडतं. रक्कम करमुक्त, मधेच मृत्यू झाला तर उरलेली वसुली नाही, आणि कुटुंब पेन्शन पूर्ण रकमेवरच. घरासाठी कर्ज म्हणून हे महाग नाही. पण एफडीत ठेवायला नको. व्याजावर कर भरून तोटाच. ग्रॅच्युइटीचे पाचेक लाख, रजेचे पैसे आणि भविष्य निर्वाह निधी येणारच आहेत. नोकरी लागेपर्यंत त्यांना हात लावू नका.

प्लॉटला एनए (बिगरशेती) आदेश आणि मंजूर लेआउट नसेल तर बँक त्यावर कर्ज देत नाही. पुढे विकताना गिऱ्हाईकही त्याच कारणाने भाव पाडतं. गुंठेवारीत बहुधा हेच नसतं. सोडून द्या.

कोट्याबद्दलही थोडं स्पष्ट. सरकारी बँकांत क्लार्कच्या 14.5 टक्के जागा माजी सैनिकांना राखीव आहेत, वयातही सवलत आहे. पण पूर्व परीक्षेत 60 मिनिटांत 100 प्रश्न आणि चुकीला पाव गुण वजा, हे तुम्हालाही चुकत नाही. एक वर्ष तर जाईलच, दोनही जातील. दरम्यान जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवा आणि अनेक ठिकाणी अर्ज करा. केंद्र सरकारच्या नियमानुसार माजी सैनिकांच्या सवलतीवर पहिल्या सरकारी नोकरीत रुजू झालात की राखीव जागेचा हक्क संपतो. आधी केलेल्या अर्जांची तारखांसह यादी रुजू होतानाच लिहून दिली, तरच त्या जागांसाठी तो टिकतो.