मुलीला गाडी द्यायची, पण बर्फात?

अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या आसपासच्या मराठी घरांतून दर वर्षी थंडीच्या तोंडावर हा प्रश्न माझ्याकडे येतो. इथे मुलांना पंधराव्या वर्षी लर्नर्स परमिट मिळतं आणि सोळाव्या वर्षी तात्पुरतं लायसन्स. उपनगरात गाडीशिवाय पान हलत नाही. आणि मग नोव्हेंबरात बर्फ पडायला लागतो.

एका ऑक्टोबरात एक जोडपं लेकीला घेऊन आलं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) बाबांचं ठरलं होतं: मोठी एसयूव्ही, तीही ऑल व्हील ड्राइव्ह. "ताई, एकदा ती घेतली की बर्फाची काळजीच मिटली." आई म्हणत होती, अठरा पूर्ण होईपर्यंत गाडीचं नावच काढायचं नाही. मुलगी हुडीच्या बाह्या तळव्यांपर्यंत ओढून सोफ्याच्या टोकाला गप्प बसलेली. "महिनाभर असंच चाललंय," आई म्हणाली. "गाडी हवी म्हणून रुसलीय."

मला ते रुसणं वाटेना. मी दोघांना बाहेर बसायला सांगितलं. दहा मिनिटं ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "मावशी, घरी सांगणार नाही ना?"

आदल्या फेब्रुवारीत ती मैत्रिणीच्या मोठ्या भावाच्या गाडीत होती. उताराच्या टोकाला स्टॉपची पाटी. त्याने ब्रेक दाबला, गाडी खरखरली, आणि थांबण्याऐवजी सरकत चौकाच्या पलीकडे गेली. दोन्ही बाजूंनी कुणी येत नव्हतं म्हणून निभावलं. तो नंतर म्हणाला, पायाखाली पेडल थरथरलं, काहीतरी मोडलं असं वाटून मी पाय उचलला.

"आणि ती ऑल व्हील ड्राइव्हच होती, मावशी. बाबा रोज म्हणतात काही होत नाही. पण मी बसले होते ना त्या गाडीत."

घरी सांगितलं तर गाडी कायमची बंद होईल, म्हणून ती आठ महिने हे पोटात घेऊन बसली होती. मी तिला समजावलं, पण सांगायचं तिनेच ठरवलं. बाबा ऐकून बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. "म्हणजे मी तुला काय घेऊन देणार होतो!"

त्यांची चूक कळण्यासारखी आहे, कितीतरी पालक तीच करतात. ऑल व्हील ड्राइव्ह चारही चाकांना ताकद पुरवते, त्याचा उपयोग जागेवरून निघायला आणि चढ चढायला होतो. थांबताना मात्र प्रत्येकच गाडीचे ब्रेक चारही चाकांना लागतात. तिथे कामाला येते ती टायरची पकड. पारा साधारण 7 अंश सेल्सिअसच्या खाली गेला की उन्हाळी टायरचं रबर कडक पडायला लागतं, बारमाही टायरचंही कडाक्याच्या थंडीत तेच होतं. हिवाळी टायरचं मऊ राहतं. त्याच्या कडेवर तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण असं चिन्ह असतं. घ्यायचे तर चारही. दोनच लावले तर एक बाजू धरते आणि दुसरी घसरते.

इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी ही संस्था कन्झ्युमर रिपोर्ट्सबरोबर कोवळ्या ड्रायव्हरांसाठी वापरलेल्या गाड्यांची यादी काढते. त्यात अगदी छोट्या गाड्या नसतात, कारण धडकेत हलकी गाडी जास्त मार खाते. अति ताकदीच्या इंजिनाच्या नसतात. आणि फार मोठ्या एसयूव्हीही नसतात, कारण त्या आवरायला जड आणि थांबायला जास्त अंतर घेतात. गाडी घसरू लागली की आपोआप सावरणारी इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल अमेरिकेत 2012 च्या मॉडेलपासून सक्तीची आहे. त्याआधीची गाडी मी तरी लेकराच्या हातात देणार नाही.

त्यांनी शेवटी मध्यम आकाराची, सात वर्षं जुनी सेडान घेतली आणि वाचलेल्या पैशांत वेगळ्या रिमसह चार हिवाळी टायर.

गाडीपेक्षा मी एका गोष्टीवर जास्त अडून बसले. बर्फ पडत असताना मुलीने "मी निघत नाहीये" असा फोन केला, तर रात्रीचे कितीही वाजलेले असोत, तिला आणायला जायचं आणि वाटेत एक शब्दही बोलायचा नाही. बाबांनी लगेच मान डोलावली. आईला वेळ लागला. "आणि कुठे होतीस तेही विचारायचं नाही?" दुसऱ्या दिवशी विचारा, मी म्हटलं. त्या रात्री नाही.

पहिला बर्फ पडला त्या रविवारी सकाळी बापलेक एका रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये गेले. तसा मी गृहपाठच दिला होता: ताशी वीस मैलांवर यायचं आणि ब्रेक पूर्ण दाबून धरायचा. चाकं अडकू नयेत म्हणून एबीएस, म्हणजे गाडीतली अँटीलॉक ब्रेक यंत्रणा, ब्रेक झपाझप सोडते-धरते, तेच पायाला थरथरल्यासारखं लागतं. ते पायाला एकदा ओळखीचं व्हायला हवं.

संध्याकाळी आईचा फोन आला. आधी बाबा स्टिअरिंगवर बसले होते म्हणे. वेग घेतला, ब्रेक दाबला, पेडल थरथरलं, आणि वीस वर्षं इथे गाडी चालवणाऱ्या त्या माणसाने दचकून पाय उचलला.

"बाबा, काढायचा नाही," शेजारून लेक म्हणाली. "दाबून ठेवा. परत करू या."