एसएसडी बदलण्याआधी बायोसमध्ये बघ

प्रश्न: ताई, मी मानेवाड्याला राहते, पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ट्यूशनचे पैसे साठवून बर्डीच्या बाजारातून एकेक पार्ट आणला आणि घरीच पीसी जोडला. इंटेलचा आय५ १२४०० प्रोसेसर, बी६६० बोर्ड, १६ जीबी रॅम, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा ठेवणारी वेगवान डिस्क. बाबांच्या जुन्या कॉम्प्युटरमधली १ टीबीची हार्ड डिस्कही त्यातच लावली. पीसी चालू होतो, बायोस, म्हणजे विंडोजच्या आधीची सेटिंगची स्क्रीन, उघडतं. पण विंडोज ११ टाकायला गेले की डिस्कच्या यादीत एसएसडी येतच नाही, फक्त जुनी हार्ड डिस्क दिसते. ती निवडली तर मेसेज येतो की या डिस्कवर एमबीआर पार्टिशन टेबल आहे, विंडोज फक्त जीपीटी डिस्कवर टाकता येईल. दुकानदार म्हणतो एसएसडी खराब असेल, दुसरी घे. मैत्रिणीचा भाऊ म्हणतो कमांड देऊन डिस्क 'क्लीन' कर. रविवारपासून हेच करून राहिले. काय करू?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर: सगळ्यात आधी पीसी बंद कर, भिंतीवरचं बटण बंद कर आणि बाबांच्या हार्ड डिस्कच्या दोन्ही केबल काढून ठेव, डेटाची आणि पॉवरचीही. पुढचं उत्तर त्यानंतर वाच.

हे इतक्या घाईने सांगण्याचं कारण ती 'क्लीन' कमांड. डिस्कपार्ट या विंडोजच्या टूलमधली ही कमांड निवडलेल्या डिस्कवरची पार्टिशनची, म्हणजे डिस्कच्या भागांची, सगळी नोंद एका झटक्यात पुसते आणि 'नक्की का?' असं एकदाही विचारत नाही. तुझ्या इन्स्टॉलरला सध्या एकच डिस्क दिसते आहे, ती बाबांची. म्हणजे क्लीन होणार तीच. घरातल्या लग्नांचे फोटो, सातबाऱ्याचे स्कॅन, जुनी पत्रं, काय काय असतं अशा डिस्कवर. रिकव्हरीसाठी लोक डिस्क घेऊन माझ्याकडे येतात तेव्हा त्यांचे चेहरे बघवत नाहीत. नवीन पीसीवर विंडोज टाकताना, ज्या डिस्कवर टाकायचं तेवढी एकच जोडलेली असावी, हा नियम मी सगळ्यांना सांगते. त्याचा आणखी एक फायदा आहे. दोन डिस्क जोडलेल्या असल्या की विंडोज कधी कधी आपली बूटची फाइल दुसऱ्याच डिस्कवर ठेवतं, आणि पुढे ती डिस्क काढली की पीसी सुरूच होत नाही.

आता तो मेसेज. तो खोटा नाही, फक्त चुकीच्या डिस्कबद्दल आहे. एमबीआर ही पार्टिशन लिहून ठेवण्याची १९८३ पासूनची पद्धत आहे आणि ती २ टीबीच्या पुढची जागा ओळखत नाही. नवे बोर्ड यूईएफआय नावाच्या नव्या पद्धतीने सुरू होतात. तसं सुरू केल्यावर विंडोजला जीपीटी, म्हणजे पार्टिशन लिहिण्याची नवी पद्धत, लागते. बाबांची डिस्क जुन्या कॉम्प्युटरची, म्हणून तिच्यावर एमबीआर आहे आणि ते तसंच राहू दे. तुला विंडोज तिच्यावर टाकायचंच नाही. नवी कोरी एसएसडी दिसायला लागली की तिच्यावरची मोकळी जागा निवडून 'नेक्स्ट' दाबायचं, जीपीटी इन्स्टॉलर स्वतः करून घेतो. मूळ अडचण एकच राहते: एसएसडी दिसत का नाही?

इथे दुकानदाराचं ऐकून दुसरी एसएसडी घेऊ नकोस. आधी बायोसमध्ये बघ. पीसी चालू करताना डिलीट दाबत राहा, बहुतेक बोर्डांवर तेच बटण असतं, आणि स्टोरेजच्या पानावर एसएसडीचं नाव येतं का ते शोध. या एका उत्तरावरून पुढची वाट ठरते.

नाव येत असेल, तर एसएसडी बोर्डाला सापडलेली आहे आणि जवळजवळ नक्की व्हीएमडीचा प्रश्न आहे. इंटेलच्या ११ व्या पिढीपासून व्हीएमडी नावाची सोय बऱ्याच मशीनमध्ये येते. ती चालू असली की एनव्हीएमई डिस्क इंटेलच्या कंट्रोलरच्या मागे जाते आणि त्या कंट्रोलरचा ड्रायव्हर विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये नसला की त्याला समोर काहीच दिसत नाही. काही डेस्कटॉप बोर्डांवर हे कारखान्यातूनच चालू येतं. व्हीएमडीचा उपयोग मुख्यतः दोन-तीन डिस्क एकत्र जोडून एकच म्हणून चालवणाऱ्यांना (याला रेड, RAID म्हणतात). एका एसएसडीच्या घरगुती पीसीला त्याची गरज नाही. तेव्हा बायोसच्या ॲडव्हान्स्ड भागात व्हीएमडी शोध, डिसेबल कर, एफ१० दाबून सेव्ह कर आणि इन्स्टॉलर पुन्हा सुरू कर. यादीत ४६५ जीबीच्या आसपासचा आकडा दिसेल. ५०० चे ४६५ का झाले म्हणून घाबरू नकोस. कंपनी हजाराच्या हिशोबाने मोजते आणि विंडोज १०२४ च्या, जागा तेवढीच आहे.

हा बदल विंडोज टाकण्याआधीच करायचा. व्हीएमडी चालू ठेवून विंडोज टाकलं आणि नंतर कधी ते बंद केलं, तर विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडत नाही आणि एररची निळी किंवा काळी स्क्रीन येते. कुणाला व्हीएमडी ठेवायचंच असेल तर बोर्डाच्या वेबसाइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घ्यावा, तो उघडून फोल्डरसकट पेन ड्राइव्हवर ठेवावा आणि इन्स्टॉलरमध्ये 'लोड ड्रायव्हर' दाबून तो फोल्डर दाखवावा. नुसती ईएक्सई फाइल तिथे चालत नाही, इन्स्टॉलरला आतली आयएनएफ फाइल हवी असते. पुष्कळ जण इथेच अडकतात.

बायोसमध्येही नाव येत नसेल, तर पीसी बंद करून, वायर काढून, कॅबिनेट उघड. एसएसडीच्या एका टोकाला सोनेरी दाते असतात. ती स्लॉटमध्ये तिरकी घालायची आणि आत पूर्ण ढकलायची. नीट बसली की दात्यांची अगदी बारीक रेघ तेवढी बाहेर दिसते. त्याहून जाड सोनेरी पट्टी दिसत असेल तर ती अर्धवट बसली आहे. मग दुसरं टोक खाली दाबून स्क्रू लावायचा. त्या स्क्रूखाली बोर्डावर छोटा पितळी खांब लागतो, तो एसएसडीच्या लांबीच्या खुणेवर, म्हणजे बहुधा २२८० वर, असला पाहिजे. खांब नसेल आणि स्क्रू जोराने आवळला तर पट्टी वाकते आणि दाते उचलले जातात. हे तुझ्या हातून झालं असेल असं मी म्हणत नाही, पण बघून घे.

दात्यांमधल्या खाचाही मोज. एक खाच म्हणजे साधारणपणे एनव्हीएमई, दोन खाचा म्हणजे बहुधा साटा, म्हणजे जुना, हळू प्रकार. दिसायला दोन्ही सारख्या, दोन्हींच्या बॉक्सवर एम.२, म्हणजे या पट्टीचा आकार, लिहिलेलं. बोर्डावरचे काही एम.२ स्लॉट साटा ओळखतच नाहीत. एनव्हीएमई म्हणून तुला साटा दिली गेली असेल तर बिल घेऊन दुकानात जा आणि बदलून माग. तो तुझा हक्क आहे, संकोच नको. दोन स्लॉट असतील तर प्रोसेसरजवळच्या स्लॉटमध्ये लावून पाहा. एवढं सगळं करूनही बायोस ती ओळखत नसेल आणि मैत्रिणीच्या पीसीतही दिसली नाही, तर मात्र एसएसडी खराब. मग वॉरंटीत दे, नवीन विकत घेऊ नकोस.

आता पेन ड्राइव्ह. तू तो कसा केलास ते लिहिलेलं नाहीस, पण दुकानातून मिळालेला असेल तर वापरू नकोस. 'विंडोज टाकून देतो' म्हणून जो पेन ड्राइव्ह फिरतो त्यात बहुधा ॲक्टिव्हेटर, म्हणजे लायसन्सशिवाय विंडोज चालू करणारा प्रोग्राम, घुसवलेला असतो. त्यात आणखी काय आहे हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. घामाच्या पैशाने जोडलेल्या मशीनवर पहिल्याच दिवशी असलं काही टाकू नये, हे मी मनापासून सांगते. कॉलेजच्या लॅबमधल्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घे आणि ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह लाव. बाकी सगळं ते टूल करतं. आयएसओ (विंडोजची डाउनलोड केलेली एकत्र फाइल) उघडून फाइली हाताने कॉपी करायला जाऊ नकोस, त्यातली मुख्य फाइल बहुधा ४ जीबीच्या वर जाते आणि फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर तेवढी मोठी फाइल मावत नाही. प्रॉडक्ट की नसेल तर 'आय डोंट हॅव अ प्रॉडक्ट की' निवड. विंडोज टाकलं जाईल, कोपऱ्यात ॲक्टिव्हेशनची आठवण दिसत राहील. लायसन्स पैसे जमले की घेता येतं. विंडोज १० टाक असं कुणी सुचवलं तर ऐकू नकोस, त्याचा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. तुझ्या प्रोसेसरमध्ये ती आहे. बायोसमध्ये तिचं नाव पीटीटी, ते इनेबल असू दे.

इन्स्टॉल चालू असताना पीसी पहिल्यांदा रीस्टार्ट झाला आणि पुन्हा भाषा विचारणारी पहिली स्क्रीन आली, तर पुन्हा सुरुवात करू नकोस. तो परत पेन ड्राइव्हवरून सुरू झाला आहे, इतकंच. पीसी बंद कर, पेन ड्राइव्ह काढ, चालू कर. आणि शेवटी इंटरनेट मागणारी स्क्रीन येईल. नव्या बोर्डांच्या लॅन किंवा वायफायचा ड्रायव्हर विंडोजकडे नसला की 'नेक्स्ट' बटण फिकट राहतं. अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचं इंटरनेट पीसीला देणं) चालू कर, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. सगळं नीट सुरू झालं की पीसी बंद करून बाबांची डिस्क परत जोड. विंडोज ११ एमबीआर डिस्क डेटासाठी व्यवस्थित वाचतं. पहिलं काम म्हणजे त्यातले फोटो एसएसडीवर उतरवून घे.

प्रश्न: महालात माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. मुलाने रायझन प्रोसेसरचा नवा पीसी जोडून दिला, ३२ जीबी डीडीआर५ रॅमचा. विंडोज टाकताना कधी ३० टक्क्यांवर थांबतं, कधी ७० वर, दरवेळी फाइल खराब असल्याचा वेगळाच मेसेज. एकदा निळी स्क्रीनही आली. पेन ड्राइव्ह नवीन करून झाला.
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर: दरवेळी एकाच जागी अडलं असतं तर मी पेन ड्राइव्हवर संशय घेतला असता. जागा बदलते आहे, म्हणून आधी रॅम बघा. मुलाला विचारा, बायोसमध्ये एक्सपो चालू केलंय का? रॅमच्या डब्यावर छापलेला मोठा वेग त्या सेटिंगने मिळतो, पण प्रत्येक बोर्ड आणि प्रोसेसरला तो झेपतोच असं नाही. ते बंद करून मूळ वेगावर विंडोज टाका. तरीही अडलं तर एक रॅम काढा आणि उरलेली प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा, चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर तीच जागा असते. मग दुसरी रॅम त्याच जागी लावून पाहा. कोणती दगा देते ते कळेल. रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ प्रोग्राम पेन ड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवा, लाल ओळ एक जरी आली तरी ती रॅम वॉरंटीत द्या.

रॅम बदलल्यावर डीडीआर५ चा पीसी पहिल्या वेळी काही मिनिटं काळी स्क्रीन दाखवतो. तो रॅमशी जुळवून घेत असतो. घाबरून बटण दाबू नका.

कॅबिनेट दुकानातल्या कुलरच्या थेट झोतात असेल तर हलवा. उन्हाळ्यात ती ओली हवा आणि धूळ आत जाऊन चिकटते. रॅमच्या प्रश्नासाठी बोर्ड बनवणारी कंपनी बायोस अपडेट देते आणि ते करून बघण्यासारखं आहे, पण यूपीएसवर असतानाच करा. अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्ड बंद पडू शकतो.