शस्त्रक्रियेआधी मनोविकाराच्या गोळ्या : वाचकांचे प्रश्न, भूलतज्ज्ञांची उत्तरे

प्रश्न (खानापूर) : आईला चार वर्षांपासून नैराश्यासाठी एस्सिटॅलोप्राम सुरू आहे. पुढच्या आठवड्यात बेळगावात तिचे पित्ताशयाचे ऑपरेशन आहे. भुलीआधी सगळ्या गोळ्या बंद करायच्या असतात, असे शेजारी सांगतात. हे खरे आहे का?

उत्तर : नाही, आणि कृपया तसे करू नका. ही गोळी एकाएकी थांबवली तर दोन-तीन दिवसांत चक्कर, मळमळ, बेचैनी, अंगातून वीज गेल्यासारखे झटके असा त्रास होऊ शकतो, आणि तो नेमका ऑपरेशनच्या सुमारास उभा राहतो. सकाळची गोळी उपाशीपोटीही घोटभर पाण्याबरोबर घेता येते. फक्त आदल्या दिवशी भूलतज्ज्ञांना विचारून घ्या. या गोळीमुळे रक्तस्रावाची शक्यता किंचित वाढते, सोबत अ‍ॅस्पिरिन किंवा डायक्लोफिनॅक असल्यास अधिकच. शिवाय दुखण्यावर सर्रास दिले जाणारे ट्रॅमाडॉल हिच्याबरोबर घातक ठरू शकते. आधी कळले तर आम्ही दुसरे वेदनाशामक निवडतो.

प्रश्न (चिक्कोडी) : थोरल्या बंधूंना लिथियम (मनाच्या टोकाच्या चढउतारांवरचे औषध) सुरू आहे. उपचार धारवाडला आणि गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया मिरजेला. कोणाचे ऐकावे?

उत्तर : दोघांचेही, पण त्याआधी त्या दोघांचे एकमेकांशी बोलणे घडवून आणा. आपल्या भागात मनाचा डॉक्टर एका गावी आणि हाडांचा दुसऱ्या गावी, अशी रुग्णाची कागदपत्रे विभागलेली असतात, याची मला फार काळजी वाटते. लिथियमच्या उपयोगी आणि विषारी मात्रेत अंतर थोडेच : रक्तात दर लिटरला साधारण ०.६ ते १ मिलीइक्विव्हॅलंट (हे मोजण्याचे एकक) पुरते, १.५ च्या वर धोका सुरू होतो. उपवासाने आणि उलट्यांनी शरीरातले पाणी कमी झाले, किंवा गुडघा दुखतो म्हणून आयबुप्रोफेन दिले, की मूत्रपिंडांतून लिथियम बाहेर पडणे मंदावते आणि ते रक्तात साठू लागते. म्हणून मोठ्या शस्त्रक्रियेआधी ते बहुधा २४ ते ७२ तास थांबवतात, आणि रुग्ण नीट पाणी पिऊ लागल्यावर, रक्ततपासणी पाहून पुन्हा सुरू करतात. थांबवण्याचा व सुरू करण्याचा दिवस लेखी मागून घ्या, कारण सुरू करायचे राहून गेले तर आजार उलटतो. हात जास्त थरथरणे, जुलाब, तोल जाणे, जीभ जड होणे यांपैकी काहीही दिसले तर लगेच कळवा.

प्रश्न (निपाणी) : यजमानांना क्लोझापिन (स्किझोफ्रेनिया या मनोविकारावरची गोळी) आहे आणि ते रोज विड्या ओढतात. दवाखान्यात विडी बंद होईल. काही फरक पडेल का?

उत्तर : पडेल. विडीच्या धुरामुळे यकृतात क्लोझापिन लवकर निकामी होते. विडी सुटली की त्याच मात्रेने रक्तातले प्रमाण वाढते आणि गुंगी येते. गोळी ४८ तासांपेक्षा जास्त चुकली तर जुन्या मात्रेवर परस्पर जाऊ नका, पुन्हा १२.५ मिलिग्रॅमपासून चढावे लागते.

प्रश्न (वडगाव) : बहिणीचे लग्न ठरायचे आहे. तिची झोपेची आणि मनाची गोळी दवाखान्यात सांगितली नाही तर चालेल का?

उत्तर : तुमची भीती मी समजू शकतो, पण लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशी माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क तिला दिला आहे. मला मात्र कळायलाच हवे, कारण झोपेच्या गोळीची सवय झालेल्या रुग्णाची गोळी अचानक तुटली तर झटके येऊ शकतात. पाहुण्यांसमोर विचारले तर बोलू नका. भूलतज्ज्ञांना एकट्याने भेटण्याची वेळ मागा. तेव्हा गोळ्यांची अख्खी पट्टी आणा. दुकानदाराने कात्रीने कापून दिलेल्या तुकड्यावर पुष्कळदा औषधाचे नावच उरलेले नसते, आणि ‘पांढरी, बारीक गोळी’ एवढ्या वर्णनावरून आम्हाला काहीच ठरवता येत नाही.